कडी नसलेली खिडकी

शिरोड्याच्या वाचनालयात, माडीवर,
तीन संगणक. त्यातला एक चालणारा.
सोमवारी शाणू मेस्त आला,
कानामागे पेन्सिल, खिशात कानस.
म्हणाला, आर्किटेक्ट बाई फाईल मागते.
ही घेऊन आलोय. चालेल?

मी हसले नाही.
हसले, पण तोंड वळवून.

लोटलीच्या एका जुन्या घराच्या एकोणीस खिडक्या,
शिंपल्यांच्या तावदानांच्या,
त्याला नव्याने घडवायच्या होत्या.
मापं सगळी एका फळकुटावर.
फळकूट ईमेलने जात नाही,
एवढंच त्याला पटलेलं.

हा डेस्कटॉप, मी म्हटलं. मेजाचा वरचा भाग समजा.
त्याने मॉनिटरवरून तळवा फिरवला,
फळी पारखतात तसा.
हत्यारं?
ही चित्रं. आयकॉन. दोनदा टिचकी मारायची.
त्याने काचेवर मारली. टक्, टक्.

माऊसला आठवडा गेला.
रंधा रेटणाऱ्या हाताला
एवढं हलकं काही ढकलायची सवय नव्हती;
बाण दर वेळी पडद्याच्या कडेला जाऊन आदळायचा
आणि तो माऊसलाच म्हणायचा, रे सावकाश.

मग एकदाची विंडो उघडली.
तो पुढे वाकला. हिची बिजागरी?
नाही.
कडी?
तीही नाही.
कोपरा ओढला की मोठी होते, ही आडवी रेघ दाबली
की खाली पट्टीवर जाऊन बसते,
मिटत नाही, नुसती थांबून राहते.
ऐटीत मी एकावर एक पाच उघडून दाखवल्या.
तो म्हणाला, बाय, खिडकीमागे खिडकी, तिच्यामागे आणखी एक,
मग उजवाड खंयच्यान येता?

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं.

कट केल्यावर तो टेबलाखाली बघायला लागला.
तुकडा पडला कुठे?
क्लिपबोर्डवर. दिसत नाही. एकच मावतो तिथे,
दुसरा कापला की पहिला गेला.
हे त्याला मुळीच आवडलं नाही.
त्याच्या मांगरात सागाचे, फणसाचे, मटीचे
वीतवीतभर तुकडे आहेत,
कधीतरी लागतील म्हणून.
रिसायकल बिन मात्र न सांगता कळली.

आणि हे अनडू. कंट्रोल धरून झेड.
शेवटची चूक मागे जाते.
डाव्या हाताचं मधलं बोट त्याचं
दुसऱ्या पेरापाशी संपतं.
त्याच बोटाने त्याने झेड शोधला, दाबला,
आणि अक्षर गेलेलं पाहिलं.
कितीदा जाता येतं मागे?
पुष्कळदा.
शिकाऊ पोरांसाठी असेल, म्हणाला,
आणि पुढचं माप घातलं.

चौदाव्या खिडकीला लाईट गेली.

सेव्ह हा धडा मी उद्यासाठी ठेवला होता.

पंखा फिरून फिरून थांबला. खाली पोदेराचा भोंपू वाजला.
मी घाईघाईने सांगत सुटले,
रॅम म्हणजे, वीज असेतोवरच तिला आठवतं,
चूक माझीच आहे, मेस्त.
त्याने फळकूट उलटं केलं,
कानामागची पेन्सिल काढून ठळक लिहिलं: सेव.
खाली बारीक: दर खिडकीनंतर.

अंधारात बसून काय करायचं, म्हणून उठला.
वाचनालयाची पश्चिमेची खिडकी
गेल्या चवथीपासून फुगून अडकलेली;
खिशातली फाईल काढून
चौकटीच्या कडेवर चालवत राहिला
खर्र खर्र,
भुसा माझ्या कळफलकावर.
मग खांद्याने एक धक्का.

लाईट आली तेव्हा ऊन थेट पडद्यावर होतं
आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
एक झडप ओढून त्याने कडी घातली,
बसला,
पहिल्या खिडकीपासून पुन्हा:
उंची पाच फूट दोन, रुंदी तीन सव्वा,
सेव,
मोठ्याने, खालच्या वाचकांनाही ऐकू जाईल असं,
दुसरी, सेव.